पेडगावचा मुऱ्हाळी

"गोषा! गोषा हाय का?"

माजघराच्या बंद दारासमोर उभं राहून आश्रुबामामांनी आवाज दिला, पाठ फिरवली आणि मान खाली घालून थांबले. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं बिल्डरचा इंजिनियर हातात टेप घेऊन ताटकळलेला.

"आत कोण राहतं, मॅडम?" त्यानं हळूच विचारलं.

"कुणी नाही. कित्येक वर्षांत कुणीच नाही."

"मग हे?"

आता त्याला काय सांगणार? निजामाच्या राज्यात मोठ्या घरच्या बायका परपुरुषासमोर येत नसत, त्याला गोषा म्हणत. गड्याला आत जायचं तर दाराशी वर्दी द्यायची, बायका आतल्या खोलीत सरकल्या की मगच पाऊल टाकायचं. निजाम गेला, बायका गेल्या, गोषा गेला. आश्रुबामामांचं ओरडणं तेवढं राहिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ऐकत होते आणि माहेरी नकला करून सगळ्यांना हसवत होते.

तेवढ्यात आत एक दार लागलं. आपटलं नाही. आवाज होऊ नये म्हणून कडी हातात धरून लावतात, तसं जपून लागलं.

"चला आता," आश्रुबामामा म्हणाले.

"वारा," इंजिनियर म्हणाला.

श्रावणातली कोंदट दुपार होती, अंगणातल्या कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. माजघराच्या खिडक्या तर मीच सुताराला बोलावून ठोकून घेतल्या होत्या. तरी मीही "हो, वाराच" म्हटलं. इंजिनियरनं माजघराचं माप घेतलं. त्यापलीकडच्या, दार लागलेल्या खोलीकडं नजर टाकली आणि "ती अंदाजानं धरू" म्हणून टेप गुंडाळला. मग तडक बाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

ही वाड्यासारखी देवडी नानासाहेब वकिलांची. परभणी नुसती मोठ्या खेड्याएवढी होती तेव्हा ज्या चार-दोन माणसांनी इथं माडीची घरं बांधली, त्यांतले नानासाहेब एक. गावातली पहिली मोटार त्यांची, असं आमच्या घरात सांगतात. आणखी दोन घरांतही हेच सांगतात, ते सोडा. उर्दूत खटले चालवायचे, उन्हाळ्यात दिवाणखान्यात वाळ्याचे पडदे भिजवून बसायचे, हैदराबादहून साहेब लोक आले की मुक्काम इथंच. त्यांच्या नावाचा चौक आहे. दिवाणखान्यात त्यांची पुरुषभर उंचीची तसबीर आहे, ती घरात कुठंही उभं राहिलं तरी आपल्याकडंच बघते.

देवडी पडकी वगैरे अजिबात नव्हती. सागवानी खांब, रंगीत काचा, सगळं खणखणीत. ते आश्रुबामामांमुळं. त्यांचे आजोबा देवडीचे दरवान, मग वडील, मग ते. माझे मालक आणि दीर बाहेरगावी, म्हणून विक्रीचं सगळं माझ्या गळ्यात. मी शाळेत भूगोल शिकवते, मला विक्रीतलं ओ की ठो कळत नाही. पण घरातल्या कुणाला वेळ नसला की ते काम आपोआप सुनेला जमायला लागतं.

सोमवारपासून पाडायला सुरुवात होणार होती. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी आश्रुबामामा आमच्या फ्लॅटवर आले. या माणसानं आयुष्यात कधी देवडीचं दार सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. बायको वारली तेव्हाही राख सावडून तडक दारावर येऊन बसले होते. सोफ्यावर बसा म्हटलं तरी खालीच बसले.

"वैनीसाब, सोमवारी पाडायलेत म्हनं."

"हो मामा. पण तुमची काळजी करू नका. आमच्या शाळेमागं एक खोली बघितलीय मी."

"माजं सोडा हो. बाईसायबाचं काय?"

"कोण बाईसाहेब?"

"थोरल्या."

नानासाहेबांची दोन लग्नं झाली. आमचं घराणं दुसरीचं. पहिलीला घरात नुसतं थोरल्या म्हणायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तापानं गेल्या, मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत. गोषातल्या म्हणून फोटो नाही, आणि नाव तर माझ्या सासूबाईंनाही सांगता यायचं नाही.

"मामा, त्या जाऊन नव्वद वर्षं होत आली."

"गेल्या कुटं?" ते म्हणाले. "तेच तर सांगायलोय. जाऊ दिलंच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्यांचे आजोबा येडबा हे मुळात दरवान नव्हतेच. पेडगावचे. पाटलाच्या रानात मेंढरं बसवायचे. पाटलाची पोरगी परभणीच्या वकिलाला दिली. पहिली पंचमी आली तेव्हा पाटील आजारी, घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून पाटलानं येडबाला धाडलं. पडद्याची दमणी जुंपून आजोबा देवडीच्या दारात आले. नानासाहेब म्हणाले, आज नको, उद्या पाठवतो.

"दुसऱ्या दिशी बी उद्या. तिसऱ्या दिशी बी उद्या. नानासायब सरकारच्या तोंडावर कोन बोलनार? आज्जा दारात बसून ऱ्हायला. पंचमी गेली, दिवाळी गेली. बाईसाब माजघराच्या दाराआडून इचारायच्या, येडबा, हुकूम झाला का? हा म्हनायचा, न्हाई आक्का. मंग दार लावून घ्यायच्या."

"आणि त्या गेल्यावर?"

"रिकाम्या हातानं पाटलाला तोंड कसं दाखवायचं? बैलं धाडून दिली, सोता ऱ्हायला. पुढं सरकारनंच पगारी ठिवलं. मरताना माज्या बापाला म्हनला, पोरगी आत हाय, हुकूम झाला की घरी न्ह्या. बापानं मला तेच सांगितलं." ते जरा पुढं सरकले. "अजून दार लावून घेत्यात, वैनीसाब. तुमी बी ऐकलं."

मी ऐकलं होतं. म्हणूनच मला राग आला. "मग न्या की मामा! कोण अडवतंय? तुमचे सरकार नानासाहेब कधीच गेले."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी वर्गात हिमालय दक्षिणेला दाखवला होता.

"मुऱ्हाळी कसा न्हील? सासरच्यानं पाठवाय लागतं. ओटी भरून, जाऊन ये म्हनाय लागतं. पळवून न्ह्यायची का पाटलाची लेक?" मग त्यांनी हात जोडले. "सोमवारी वरून मशीन चालल तिच्यावर. तीन पिढ्या बसलाव आमी दारात. तुमी सासरच्या हाव. एकडाव म्हना."

माझं माहेर चुडावा. माझ्या पहिल्या पंचमीला काका मला न्यायला येणार होते आणि त्यांची गाडी उशिरा आली होती. सकाळपासून मी पिशवी भरून दाराशी उभी होते, सासूबाई हसत होत्या. तो दिवस मला त्या क्षणी इतका लख्ख आठवला, की पुढं वाद घालवेना. मी एका म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी हे करतेय, असं स्वतःला बजावलं आणि हो म्हटलं.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. आश्रुबामामांनी जीवन नावाच्या ओळखीच्या पोराची रिक्षा आणली होती आणि दोन्ही बाजूंना फुलाफुलांच्या चादरी बांधून पडदे केले होते. मामा स्वतः नवं धोतर नेसून, पटका बांधून आले होते. त्यांनी दारातून वर्दी दिली नाही. "आज तुमीच जावा," म्हणाले.

माजघर ओलांडून मी ते आतलं दार ढकललं. इंजिनियर आला तेव्हा ते लागलं होतं, आताही लागलेलं होतं. कडी बाहेरून नव्हती, तरी हात लागताच ते उघडलं.

आत एक झोपाळा आणि अंगणाकडं उघडणारं बारीक जाळीचं गवाक्ष, बाकी काही नाही. जमिनीवर बोटभर धूळ होती. पण गवाक्षाच्या दगडी काठावर, हात टेकवून उभं राहावं तिथं, अजिबात नव्हती. दगड गुळगुळीत झाला होता. मी वाकून पाहिलं. तिथून एकच गोष्ट दिसत होती, बाहेरचा दरवाजा आणि आश्रुबामामांची पाठ.

खण, नारळ, तांदूळ कुणाच्या पदरात घालायचे? मी झोपाळ्याच्या फळीवर खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, तांदूळ घातले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"थोरल्या बाई," मी शेवटी म्हटलं, "पेडगावहून मुऱ्हाळी आलाय. मी या घरची सून, दिपाली. पंचमीला जाऊन या."

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या आणि फळी किंचित खाली बसली. नारळाच्या वजनानं झोपाळा असा दबत नाही. मग ती पुन्हा वर आली, कुणी उठल्यावर येते तशी. मी ओटी उचलली आणि मागं न बघता चालू लागले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण पळावंसं वाटलं नाही. पाठीमागं कुणी हळू चालत असेल, तर आपणही हळूच चालावं, एवढंच सुचलं.

दारापासून रिक्षापर्यंत मामांनी चादरीचा आडोसा धरला होता, स्वतःची मान पलीकडं करून. जीवनलाही खाली उतरवून भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं. "मामा, कसली परेशानी लावलीय," तो कुरकुरत होता, पण उभा होता.

मी रिक्षात शिरले आणि सीटच्या कडेला बसले. मामा पुढं जीवनच्या शेजारी टेकले. रिक्षा निघाली. माझ्या बाजूचा पडदा वाऱ्यानं नुसता फडफडत होता. पलीकडचा मात्र एकाच जागी बोटभर बाजूला झाला होता आणि तसाच राहिला. त्या फटीतून बाजार गेला, मोबाइलची दुकानं गेली, शाळेतून सुटलेल्या सायकलवरच्या पोरी गेल्या. नानासाहेब वकील चौक आला तेव्हा पडदा अलगद मिटला. चौक मागं पडला आणि फट पुन्हा उघडली.

जीवन आरशात बघत होता. त्यानं गाणं बंद केलं आणि नंतर पेडगावपर्यंत रिक्षा खड्डे चुकवत, बाळंतिणीला घेऊन चालल्यासारखी हाकली.

पेडगावात पाटलाचा वाडा नव्हताच. त्या जागेवर कासाबाई नावाच्या बाईचं पत्र्याचं घर होतं. दारात शेळ्या बांधलेल्या, कासाबाई हिरव्या मिरच्यांची देठं खुडत बसलेली. मामा अंगणाच्या कडेला थांबले.

"बाई, मी मुऱ्हाळी. या घरची लेक पंचमीला आनलीय."

"आमची? आमची तर कोन न्हाई परभनीला."

"तुमची न्हवं. या जाग्यातली. लय आदीची."

कासाबाई उठली. तिनं पडदे बांधलेल्या रिक्षाकडं पाहिलं, माझ्या हातातल्या ओटीकडं पाहिलं, आणि तिच्या शेळ्या एकाएकी चरायचं थांबून रिक्षाकडं माना करून उभ्या होत्या, तिकडंही पाहिलं. आता ही आरडाओरडा करणार, असं मला वाटलं. ती घरात गेली आणि भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. तुकडा तिनं पडद्यावरून ओवाळून बाजूला टाकला, रिक्षाच्या पायरीशी पाणी ओतलं आणि पडदा वर धरला.

"ये माय," ती म्हणाली. "दमली असशील."

ओल्या मातीवरून काहीही गेलं नाही. निदान मला दिसलं नाही. पण कासाबाई मात्र उंबऱ्यापर्यंत पडदा धरल्यासारखा हात तसाच उचलून चालत गेली. मी ओटी उंबऱ्याच्या आत ठेवली. मग ती माझ्याकडं वळली. सासरची म्हणून मीच तिथं होते, म्हणून तिनं मलाच विचारलं.

"किती दिस ठिवायची? परत न्ह्यायला कोन येनार?"

आश्रुबामामांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुणी येणार नाही," मी म्हटलं. "राहू द्या तिला."

आश्रुबामामा मटकन खाली बसले. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कासाबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या पायांवर घातलं आणि बाज सावलीत ओढली.