राहून गेलेला निळा मणी

लाल मण्यांत निळा मणी कुठेच नव्हता... आयरिसने अंगठ्याने मण्यांच्या पॉपीच्या, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीत लावतात त्या लाल फुलाच्या, पाकळ्या पुन्हा चाचपल्या — ओळीमागून ओळ, लाल, लाल, नुसतं लाल. एक मणी मुद्दाम चुकीचा ओवायचा, निर्दोष असावं ते फक्त सृष्टी घडवणाऱ्याचं काम, हे आईने शिकवलेलं. साठ वर्षांत शेकडो फुलं ओवली, आणि नेमकं बाबांचं नाव कोरलेल्या दगडावर ठेवायच्या फुलात चूक करायची राहून गेली!

"ताई, जमीन तुमची म्हणतात, नि बसायला घडीची खुर्ची देतात," शेजारून धाकटा भाऊ क्लेटन पुटपुटला.

"गप रे. तूच पहाटेपासून बूट पुसत होतास."

समोर लष्करी छावणीचा तरुण अधिकारी वाचत होता — ही भूमी इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची; त्यांची मुलं आमच्या खांद्याला खांदा लावून दुसऱ्या महायुद्धात हॉलंडात लढत होती, तेव्हा आम्ही छावणीसाठी त्यांची घरं इथून उठवली... 'आम्ही' म्हणाला तो. गावाचं जुनं नावसुद्धा आजी घ्यायची तसंच घेतलं. आयरिस कान देऊन बसलेली — कुठेतरी चुकेल, मग उठायलाच नको, फूल पर्समध्ये टाकून घरी जाता येईल... पण त्याचं काही चुकेना.

लढाईहून परतलेले बाबा या फाटकातून कधीच आत आले नाहीत. दर नोव्हेंबरात मात्र कुंपणाबाहेर टोपी काढून उभे राहायचे, आणि मी, एवढीशी, त्यांचं बोट धरून... कुणासाठी, बाबा? परत न आलेल्या सोबत्यांसाठी, की आतल्या आपल्या घरासाठी? विचारलंच नाही मी. त्या गप्पपणाला राग समजले, आणि तो जपला, त्यांचा म्हणून — आणि तो त्यांचा नसलाच तर?

"शिपाई अ‍ॅम्ब्रोज किशिगो," अधिकाऱ्याने बाबांचं नाव पुकारलं.

"जातेस, की गाडी काढू?" क्लेटनने विचारलं.

"थांब जरा."

ती उभी राहिली होती. पुढे जायला की मागे, तिला कळेना. पायांखालच्या आखूड गवतात आजीच्या घराची चूल कुठे असेल — इथे, की त्या झेंड्याच्या काठीपाशी? छातीवर लाल फुलं लावलेल्या सरळ रांगा बसलेल्या, आणि त्यांच्या मधोमध एकटा उभा, तिच्या अंगावरचा आईचा जुना निळा कोट... तिने मुठीतलं फूल सैल धरलं.