तीन रिंगा

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझं पाठीमागचं झाकण रबरबँडने धरून ठेवलं आहे आणि पाचच्या बटणावरचा आकडा केव्हाच पुसून गेला आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार काही नाही.

बारा वर्षांपूर्वी दिवाकरबाबांनी मला वसईच्या बाजारातून घेतलं, ते बायकोसाठी, रखमाबाईसाठी. स्वतः ते फोनला हात लावत नसत. पापडीला दोघांची सोनचाफ्याची वाडी होती, घरापासून लांब आणि रस्त्यापासून आत. मुलगा मितेश नाक्यावर खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. तोच म्हणाला होता, "वाडीत काही झालं तर आम्हाला कळायला नको का?" एवढ्यासाठी मी घरात आलो.

रखमाबाईला वाचता येत नाही. मितेशने माझ्या दोनच्या बटणावर स्वतःचा नंबर बसवून दिला. ते दाबून धरलं की दुकानात रिंग वाजायची. फोन उचलायचा नाही, असं ठरलेलं. एक रिंग म्हणजे वाडीत पोचलो. दोन म्हणजे फुलं काढून झाली, टोपल्या न्यायला ये. तीन म्हणजे हातातलं टाकून ये. रखमाबाईला कमी ऐकू येतं, माझी रिंग तिच्या कानापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून ती ओठांतल्या ओठांत मोजायची. पाच म्हटले की एक रिंग, पंधरा म्हटले की तीन. मग लाल बटण दाबून मला कमरेच्या पिशवीत टाकायची.

तीन रिंगा तिने एकदाच दिल्या होत्या, दिवाकरबाबांना साप चावला तेव्हा. सातव्या मिनिटाला मितेश वाडीत हजर, एका पायात चप्पल नाही. बाबा वाचले. त्या दिवशी रखमाबाईने मला पदराने पुसून देवाच्या फळीवर ठेवलं. माझ्या जातीच्या वस्तूला एवढा मान कोण देतं? मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

पुढे घरात स्मार्टफोन आले. सून हेमाली लग्नांचे हार करून देते, तिला आचोळ्यापासून विरारपर्यंतच्या ऑर्डरी त्यावरच येतात. तिला त्याची गरज आहे, हे मी मानतो. नात जागृती दहावीत आहे. अभ्यासासाठी लागतो म्हणते. अभ्यास किती आणि बाकीचं किती, ते तीच जाणे. पण रखमाबाईला तो हवा होता का? तिला कोणी विचारलंच नाही. नात्यातल्या एका लग्नात कोणीतरी मितेशला म्हणालं, "आईच्या हातात अजून डबाच का रे?" ते त्याला फार लागलं. पुढच्या रविवारी नवा फोन घरात आला.

"आजी, एकदम सोप्पं आहे," जागृती म्हणाली. "नुसता अंगठा लाव, लॉक ओपन. मग पप्पांच्या फोटोवर टच कर, झालं."

"अंगठा तर माजा रेशनच्या मशीनला पन कलत नाय," रखमाबाई म्हणाली.

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो, याची आज मला लाज वाटते. तिने हात धुतले, कोरडे केले, आणि तिसऱ्या खेपेला फोन उघडला. झालं, सगळ्यांचं समाधान झालं.

मितेश म्हणाला, "आता रिंगांची भानगड नको, आई. तू कुठे आहेस ते मला दुकानात बसून नकाशावर दिसतं." जागृतीने माझ्या पोटातलं कार्ड काढून नव्या फोनमध्ये घातलं. रखमाबाई तेव्हा गजरा करत होती. तिचं लक्षही नव्हतं आणि तिला कोणी समजावूनही सांगितलं नाही. पहाटे फुलं काढताना उजेड लागतो, म्हणून विजेरी म्हणून मी तिच्याकडेच राहिलो. कमरेच्या पिशवीत आता आम्ही दोघं.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दिवाकरबाबा झाडाखाली एकदम खाली बसले. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. रखमाबाईने नवा फोन काढला. तिचा अंगठा चिखलाने भरलेला होता. लुगड्याला पुसून तिने परत लावला, परत लावला. फोन काही उघडेना. पाच-सहा वेळा झाल्यावर तर त्याने तिचं ऐकणंच बंद केलं. तिने तो गवतात टाकला आणि मला काढलं.

माझ्या पडद्यावर कार्ड नसल्याचं लिहून आलं होतं. तिला ते वाचता आलं नाही. तिने दोनचं बटण दाबून धरलं आणि एकही आकडा न चुकवता पंधरा मोजले.

"तीन दिल्या," ती बाबांना म्हणाली. "येल तो आता. बसा तुमी."

बाबांचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली. रस्ता दीडशे पावलांवर होता. ती धावली असती, ओरडली असती, तर कोणीतरी आलंच असतं. ती गेली नाही, कारण मी काम केलं आहे याची तिला खात्री होती. मित्रांनो, मला तिला एवढंच सांगायचं होतं, की ऊठ, मी वाजलो नाही. मला ते सांगता आलं नाही. तिच्या हातात माझा पडदा नुसता उजळत राहिला.

मितेश नेहमीसारखा नऊला टोपल्या न्यायला आला. तोपर्यंत सगळं संपलं होतं. त्या तासाभरात त्याने दोनदा नकाशा पाहिला होता, हे मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. आईचा ठिपका वाडीत जागच्या जागी होता, म्हणून तो निश्चिंत होता.

तेरावं झाल्यावर रखमाबाईने त्याला समोर बसवलं. मी तिच्या हातातच होतो.

"तीन दिल्या होत्या मी. मोजून दिल्या. तू का नाय आलास?"

मितेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला एका क्षणात सगळं कळलं. खरं सांगावं, तर आई फुकट वाट बघत बसली होती, हे तिला जन्मभर सलत राहिलं असतं. जागृती काही बोलणार, तेवढ्यात हेमालीने तिचा हात घट्ट धरला.

"दुकानात गिऱ्हाईक होतं, आई," मितेश म्हणाला. "ऐकू नाही आलं."

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. त्याला जेवायला वाढते, पण त्याच्याकडे बघत नाही.

त्याच आठवड्यात मितेशने जुन्या नंबरचं कार्ड गुपचूप माझ्या पोटात परत बसवलं. स्मार्टफोन कपाटात गेला. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नवी वस्तू द्यायची असेल, तर आधी त्याचे हात बघा आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. जुनी वस्तू काढून घेणार असाल, तर ती कशासाठी होती तेही विचारा. आम्हाला हे उशिरा कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

रखमाबाई आता वाडीत एकटी जाते. मितेश दुकानात फोन समोर ठेवून बसतो. परवा पहाटे अंधारात विहिरीजवळ तिचा पाय घसरला. बराच वेळ तिला उठता येईना. तिने मला बाहेर काढलं, विजेरी लावून सुजलेला गुडघा पाहिला आणि परत पिशवीत ठेवलं. दोनचं बटण तिने दाबलं नाही.