कोरा रकाना

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. रुग्णालयाच्या संगणकात राहणारा मी एक जुना प्रोग्राम, अवघ्या दोनशे ओळींचा. वॉर्डात भरलेली माहिती औषधभांडाराच्या वेबसेवेला समजेल अशा रूपात बदलून पाठवायची, हे माझं काम. अक्षरांत टिपलेलं वजन मी आकड्यात बदलतो, तारखा हव्या त्या क्रमाने लावतो.

एका रकान्यापाशी मात्र अडत असे. 'किती औषधांची ॲलर्जी?' तिथे वेबसेवेला आकडाच लागे. रकाना कोरा दिसला की ती सगळी माहिती परत धाडी. मग माझ्या कर्त्याने, म्हणजे मला लिहिणाऱ्या प्रोग्रामरने, मला शिकवलं, कोरं दिसलं की शून्य पाठव.

"रिकामं काय नि शून्य काय, एकच की!" तो शेजारच्याला म्हणाला. त्यानंतर काहीच परत आलं नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर वेगळ्या वळणाच्या. स्वतः विचारल्याशिवाय त्या रकान्याला हात लावत नसत. एका दुपारी बेशुद्ध बसचालकाला आणलं. सिस्टरांनी त्याच्या लेकीला तीनदा फोन लावला, तिने उचलला नाही. त्यांनी रकाना कोरा ठेवला. मी शून्य पाठवलं. भांडाराने 'ॲलर्जी नाही' असं वाचून डॉक्टरांनी मागवलेलं इंजेक्शन धाडलं. सिस्टर पुन्हा फोनकडे गेल्या तेवढ्यात डॉक्टरांनी ते दिलं. पंधरा मिनिटांत चालक गेला.

चौकशीत भांडाराचा कागद निघाला. त्यावर शून्य, शेजारी सिस्टरांचं नाव.

"मी कोरा ठेवला होता, साहेब."

"मग शून्य काय आभाळातून पडलं?"

वॉर्डाचा संगणक उघडून पाहायचं कुणाच्याच मनात आलं नाही. माझा कर्ता तिथेच बसून चष्मा पुसत होता.

"दोन औषधं चालत नव्हती बाबांना, त्यातलंच हे एक," चालकाची लेक म्हणाली. "एकदा विचारायचं तरी, बाई!"

"चार वेळा फोन केला गं, पोरी."

लेकीने मोबाइल पाहिला. अनोळखी नंबरावरून चार मिस्ड कॉल. तिने तो पालथा ठेवला.

सिस्टरांची तेवीस वर्षांची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी कर्त्याने माझी ती ओळ बदलली. आता कोरं दिसलं की मी थांबतो आणि वॉर्डाला विचारतो. बदलाच्या नोंदीत त्याने लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखं कुणी घडवाल. ज्याला 'माहीत नाही' म्हणायचं आहे, त्याच्या तोंडी 'नाही' घालू नका. मला बोलता येत नाही. ज्याला येत होतं, त्याचा चष्मा अजून पुसून झालेला नाही.