मलपृष्ठावरचा व्यंकट

अर्धांगाचा झटका आला आणि माझा उजवा हात लुळा पडला. जिंतूरच्या शाळेत चित्रकला शिकवून किती पोरांच्या हाताला मी वळण लावलं, आणि आता मलाच कपबशी धरता येईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मी संतापून अंगणात भिरकावला.

अशात झरीहून व्यंकट आला. आम्ही पहिलीपासूनचे दोस्त. तो कविता करतो, मी ऐकून घेतो.

"माझं पुस्तक निघायलंय," तो म्हणाला. "मलपृष्ठावर फोटो न्हाई, तू काढलेलं चित्र पायजे."

"हात बघ की गड्या माझा!"

"मंग? मला काय घाई हाय?"

तेव्हापासून तो एसटीनं रोजच यायला लागला. माझ्या बायकोनं पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड केली, तेव्हा कुठं बोटांत थांबली. पहिल्या कागदावर नुसता गुंता झाला. दुसऱ्यावर नाक गालावर गेलं. मी कागद चुरगाळला की व्यंकट मुकाट दुसरा पुढं करायचा आणि पुन्हा कविता म्हणायला लागायचा.

"तोंड मिट! हनुवटी हलायलीय," मी खेकसायचो.

त्याच्या शेतातलं सोयाबीन काढणीला आलं तरी हा आपला माझ्यासमोर बसलेलाच.

आणि एका सकाळी व्यंकट कागदावर उतरला. जाड भिंगांचा चष्मा, आत गेलेले गाल, आता बोलतील असे ओठ. रेघ थरथरलेली होती, पण माणूस तोच होता. मला रडूच फुटलं. तो तेव्हा आत चहा सांगायला गेला होता. इतक्यात त्याच्या बायकोचा, सुमंगलावहिनींचा, मला फोन आला.

"वहिनी, चित्र झालं! आता पुस्तक छापायला द्या म्हणावं."

"कशाचं पुस्तक, भावजी?" त्या गडबडल्या. "पुस्तक-बिस्तक काई न्हाई. तुमी चेंडू फेकून दिला ना, तवा हे म्हणले, त्याच्या हातात आता पेन्सिलच द्यावी लागंल."

मी फोन ठेवला. नसलेल्या पुस्तकासाठी हा माणूस रान सोडून माझी बोलणी खात बसला होता. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, आणि ते माझ्या वाट्याला आलं. त्या क्षणी मला गेलेल्या हाताचंही दुःख राहिलं नाही.

व्यंकट चहा घेऊन आला. "जमलं का रे?"

मी कागद पालथा घातला.

"कान चुकलाय," मी म्हणालो. "पुस्तकावर जायचं म्हणल्यावर कान नीट नको का? उद्या ये."