कंबर न कसता
पलंगाखाली नऊ वस्तू होत्या. जुन्या मोज्यात कोंबून गाठ मारलेले दोन टेनिस चेंडू (मोज्यासकट एक वस्तू धरली), फोमचा रूळ, रबरी दोरी, कुंचा गळून गेलेल्या झाडूचा दांडा, सुतळीनं बांधलेली टॉवेलची वळकटी, चटई, वही, पेन्सिल आणि तीनशे मिलिमीटरची पोलादी पट्टी. रोज सकाळी सहाला ती जमिनीवर बसून एकेक वस्तू डाव्या हातानं बाहेर ओढायची. उजवा हात तेवढा आत जायचा नाही.

प्रयोगशाळेत तिला सगळे मिलिमीटर म्हणत. दुकानांतले तराजू आणि वजनं तपासून देणं हे तिचं काम. दुसऱ्यानं घेतलेलं माप स्वतः परत घेतल्याशिवाय ती सही करत नसे. नाव चिडवायला म्हणून पडलं होतं; आता घरीही तेच चालायचं.

तिला अग्निशमन दलात जायचं होतं. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. परीक्षेत अठरा किलोची शिडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पंचेचाळीस सेकंद उभं राहायचं असतं. त्यासाठी तिनं सहा महिने सकाळ-संध्याकाळ सराव केला, एक दिवस खाडा न करता. सहाव्या महिन्यात उजव्या खांद्यात काहीतरी सणकलं. ती थांबली नाही. मग दोन आठवड्यांनी कंबर धरली आणि बुटाचे बंद आई बांधायला लागली.

"लहानपणी शिकवले होते तुला," आई तिच्या पायाशी बसून म्हणाली. "फी परत घ्यायला हवी."

फिजिओबाईंच्या खोलीत एक बाक, एक आरसा आणि एक रिकामी भिंत होती. बाई पन्नाशीच्या, आवाज बसलेला, दिवसभर लोकांचे हातपाय उचलून स्वतःच दमलेल्या. त्यांनी तिचे हात वर केले, खाली केले, पाठीवरून अंगठा फिरवला.

"तुमचा खांदा कामचुकार झालाय," त्या म्हणाल्या. "हात वर न्यायचं काम त्याचं. तो अर्ध्यात थांबतो आणि उरलेलं काम कंबर करते, मागे वाकून. म्हणून दुखतेय ती. बोलायचं खांद्याशी आहे."

"आमच्याकडे खांदा म्हणजे हिचा भाऊ," आई म्हणाली. "आणि कंबर म्हणजे मी."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी आईलाही बसायला स्टूल दिलं.

भरतीला दहा आठवडे होते. आधीच्या दुखापतीची नोंद असल्यामुळे आठवडाभर आधी बाईंचा दाखला लागणार होता. बाईंनी अट सांगितली: भिंतीपासून एक पाऊल पुढे उभं राहायचं, पाठ भिंतीला टेकवायची, हात सरळ वर न्यायचा आणि अंगठा भिंतीपासून किती राहतो ते मोजायचं. वीस मिलिमीटरच्या आत आला तर सही. तोवर शिडी नाही, वजन नाही, लोंबकळणं नाही. चटईवर पडून हात सरकवायचे, वळकटी पाठीखाली घेऊन श्वास सोडायचा, चेंडूवर खांदा घासायचा. दिवसातून तीनदा.

हे काम थकवणारं होतं, आणि कसं थकवणारं ते सांगता येत नव्हतं. शिडी उचलून माणूस दमतो तेव्हा काहीतरी केल्यासारखं वाटतं. इथे अर्धा तास जमिनीवर पडून हात वीतभर सरकवायचा आणि उठताना जीव मेटाकुटीला यायचा. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत ती वजनांच्या कपाटामागे चटई अंथरायची. तिचे साहेब एकदा तिच्यावरून पाय टाकून गेले आणि म्हणाले, "मिलिमीटर, तुला कुठल्या खणात ठेवायचं?"

आकडे मात्र सुंदर येत होते. रात्रीच्या जेवणाआधी ती भिंतीशी उभी राहायची, आई पट्टी लावायची. शहाण्णव. एकाहत्तर. चाळीस. बावीस. पाचव्या आठवड्याच्या शेवटी चौदा. वहीतली रेघ इतकी सरळ उतरत होती की तिनं ती दोनदा काढून पाहिली.

कंबर जास्तच दुखत होती. तिनं त्याची वेगळी पानं केली.

"चौदा?" बाई वहीकडे बघून म्हणाल्या. "उभ्या राहा."

ती भिंतीशी उभी राहिली, हात वर नेला. अंगठा जवळजवळ टेकला. बाईंनी मूठ वळली आणि तिच्या कंबरेमागून इकडून तिकडे आरपार काढली, बोगद्यातून गाडी जावी तशी.

"हे काय आहे?"

"पाठ टेकलीय," ती म्हणाली. खांद्यांची पाती खरोखरच भिंतीला टेकली होती.

"आणि कंबर?"

"तुम्ही पाठ म्हणालात. कंबर म्हणाला नव्हतात."

बाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, तिच्या कंबरेमागे धरला. "आता हा कागद दाबून ठेवा. मी ओढला तर निसटता कामा नये. मग हात वर."

तिनं पोट आत घेतलं, कंबर भिंतीला लावली. हात वर जाताना कानाच्या रेषेपाशी अडला. पुढे रेटला की कागद सैल व्हायचा. बाईंनी मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

पाच आठवड्यांत आठ मिलिमीटर. बाकीचं सगळं कंबरेनं केलं होतं.

ती बाकावर बसली. ज्या तराजूचं शून्य चुकलंय त्यावर कितीही बारकाईनं वजन केलं तरी आकडा खोटाच, हे ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायची. आधी शून्य तपासा, मग बाकीचं. कितीतरी दुकानदारांचे तराजू तिनं याच कारणानं परत पाठवले होते.

"मी सांगते काय होतंय," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही हात वर न्यायच्या आधी कंबर कसता. बघितलं मी. दात आवळता, श्वास धरता आणि कंबर कसता."

"कोणतंही काम तसंच करायचं असतं ना?" आई म्हणाली. "लहानपणापासून तेच सांगत आलेय मी हिला."

"मलाही माझ्या आईनं तेच सांगितलं होतं. माझे दोन मणके गेलेत." बाईंनी कागद घडी करून तिच्या हातात दिला. "कंबर सोडायची. श्वास सोडायचा. हात जाईल तेवढाच जाऊ द्यायचा. लाज वाटेल इतकाच जाईल, तेवढाच."

"चार आठवड्यांत वीस होईल?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

घरी तिनं वहीतली पाच आठवड्यांची पानं फाडली नाहीत. प्रत्येक आकड्यासमोर ‘शून्य चुकलेले’ असं लिहिलं आणि नवं पान उघडलं. नवी रेघ कुरूप होती. अठ्ठ्याऐंशी, एक्याऐंशी, एक्याऐंशी, त्र्याऐंशी. एके दिवशी नव्वद. त्या संध्याकाळी ती व्यायाम न करता पलंगावर पाठ टेकून छताकडे बघत राहिली. आई दारात आली, पट्टी हातात घेऊन.

"मोजायचं?"

"नको."

"बरं," आई म्हणाली आणि शेजारी आडवी झाली. मग थोड्या वेळानं, "ती वळकटी दे इकडे. माझीही धरलीय."

दोघी जमिनीवर आल्या. वळकटी एकच होती म्हणून आईनं उशी घेतली. दोघींनी श्वास सोडला, हात डोक्यावरून मागे सरकवले. आईचा जमिनीला टेकला. "काय सोपंय," आई म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसताना पोट सैल पडलं, तसा हात आणखी बोटभर मागे गेला. तिनं ते वहीत लिहिलं नाही. हसणं मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून व्यायामाला आई शेजारी असायची. सत्तर. एकसष्ट. एकोणसाठ. एकोणसाठ. शेहेचाळीस. बुटाचे बंद एके दिवशी तिनं स्वतः बांधले, आणि ते झाल्यावरच दोघींच्या लक्षात आलं. तेहेतीस. सव्वीस.

दाखल्याच्या आदल्या रात्रीही आकडा सव्वीसच होता. त्या सकाळी तिनं मोजलं नाही.

बाईंच्या खोलीत आधीचा रोगी कण्हत बूट घालत होता. तो गेल्यावर ती भिंतीपासून एक पाऊल पुढे उभी राहिली. दाखल्याचा कागद टेबलावर होता, भरलेला, सही तेवढी राहिलेली. बाईंनी दुसरा, कोरा कागद तिच्या कंबरेमागे सरकवला. तिनं श्वास सोडला. हात वर गेला, कानापाशी आला, थोडा थांबला, मागे गेला. बाईंनी कागद ओढून पाहिला. हलला नाही. त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची पट्टी उचलली, भिंतीला लावली, चष्मा वर केला.

"सोळा," बाई म्हणाल्या आणि पेनाकडे हात नेला.

आईनं स्टुलावर श्वास सोडला.

तिचा हात अजून वर होता. तिरक्या नजरेनं तिला पट्टीचं टोक दिसत होतं. शून्याची रेघ टोकावर नव्हती, आत होती. अलीकडे प्लास्टिकची कोरी कड. तीन मिलिमीटर, कदाचित चार, कदाचित पाच.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या पट्टीचं शून्य टोकावर नाही."

"म्हणजे?"

"सोळापेक्षा जास्त आहे. माझ्या पिशवीत पोलादी पट्टी आहे. तिचं बरोबर आहे."

"अगं," आई म्हणाली, एवढंच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पिशवीची चेन अडकली होती. आईनं ती सोडवली आणि पट्टी काढून दिली. तोवर खांदा थरथरायला लागला होता. कंबर मदतीला यायला बघत होती, तिला ते कळत होतं. तिनं उरलासुरला श्वास सोडला. बाईंनी कागद पुन्हा ओढला. तो जागेवर होता. त्यांनी पोलादी पट्टी भिंतीला काटकोनात टेकवली, अंगठ्यापाशी वाकल्या आणि या वेळी चष्मा काढून, पट्टीला डोळा भिडवून वाचलं.

एकोणीस मिलिमीटर.