तळ्यात आलेलं पीक

उन्हाळा तोंडावर आला की तळ्याचं पाणी हिरवं पडतं, हे आपल्यापैकी कुणाला नवं नाही. आपण नाक दाबतो आणि पुढे जातो. सोनपेठ तालुक्यातल्या एका लहानशा गावातल्या भुजंगला तसं पुढे जाता येईना. त्याच्या एकतीस मेंढरांना पाजायला ते एकच तळं होतं.

पाण्यावर रंगाचा डबा सांडावा तशी शेवाळाची हिरवी साय आली होती. मेंढरं तोंड लावेनात. भुजंगने ते मारायला बाजारातून निळं मोरचूद आणलं, पोत्यात बांधून तळ्यातून ओढत फिरवलं. चार दिवस मेंढरांनी हातपंपाच्या घोटभर पाण्यावर काढले; पाचव्या दिवशी पाणी निवळलं!

"बघ, तळ दिसायलाय," तो बायकोला, भिवराबाईला म्हणाला. "आता मला तळ्याचा डाक्टर म्हण."

"डाक्टरसाहेब, आधी सोताचं धोतर धुवा," ती हसली आणि तिने मेंढरं पाण्यावर सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार मेंढरं उठेनात. दुपारपर्यंत नऊ गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि स्पष्टच सांगितलं, ही विषबाधा दिसते, याला खात्रीचा उतारा नाही.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे धम्मानंद सर आले. त्यांनी बाटलीत पाणी घेऊन उन्हात धरलं. अगदी नितळ.

"सर, निवळल्यावरच पोटभर प्याली की! साफ पाण्यानं कशी मेली?" भुजंगने विचारलं.

"काही शेवाळांत विष असतं. जिवंत असेपर्यंत ते बरंचसं त्यांच्या आत राहतं. तुम्ही शेवाळ मारलंत, ते फुटलं, विष पाण्यात उतरलं. त्याला रंग नसतो, भुजंगराव. शिवाय मोरचूद मेंढराला मुळातच सोसत नाही. नेमकं कशानं गेली ते तपासणीतच कळेल."

"पर हे हिरवं आलं कुठून?"

सरांनी काठावरच्या मेंढरांच्या वाड्याकडे, लेंड्यांच्या थराकडे पाहिलं. "खतासाठी मेंढरं बसवलेल्या रानात पीक कसं येतं?"

"काळंभोर! लोक बोलवायला येत्यात..." भुजंग मध्येच थांबला. "मंजी, तळ्यातबी मीच पीक काढलं?"

"एकट्यानं नाही. वरच्या उसाचा युरिया, गावचा उकिरडा, सगळं इथंच उतरतं."

"ते ऱ्हाऊ द्या," भिवराबाई म्हणाली. "आज काय पाजू, ते सांगा."

विष किती दिवसांत विरेल, हे सरांनाही सांगता येईना. हातपंपाचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं.

"आजून एखादी दवा टाकून..." भुजंग पुटपुटला.

"आता काहीसुद्धा टाकू नका!" सर कळवळून म्हणाले.

त्याच दिवशी भुजंगने वाडा मोडला आणि उताराच्या पलीकडे माळावर हलवला. मग पाटी घेऊन तो काठावरच्या लेंड्या उचलायला लागला. कित्येक वर्षांचा थर; ऊन उतरेपर्यंत खाटेएवढीही जागा मोकळी झाली नाही. भिवराबाई उरलेल्या बावीस मेंढरांपुढे घरच्या पाण्याचा तांब्या धरत फिरत होती. दोन मेंढरं तांब्याकडे बघतही नव्हती.

नागरिकहो, काय टाकलं म्हणजे तळं बरं होईल, असं आपण विचारत राहतो. त्यात काय जाऊ द्यायचं नाही, एवढंच खरं आपल्या हातात असतं, आणि तेही पाणी बिघडायच्या आधी. भुजंगला हे कळलं तेव्हा हातात पाटीशिवाय काही उरलं नव्हतं. तुमचं तळं अजून हिरवं पडलं नसेल, तर आजच त्याच्या काठावरून एक फेरी मारून या.