एका हाताचा लॅपटॉप

नीरजाने पडदा कडेला धरून हलकेच फिरवला आणि कीबोर्डावर आडवा पाडला. लॅपटॉपची पाटी झाली. डाव्या खांद्यावर मनू निजलेली होती, म्हणून हे सगळं तिने एकाच हाताने केलं. जमलं.

"वहिनी, जपून. मान नाजूक असते त्याची," काउंटरपलीकडून महिपत म्हणाला आणि तिला ओलांडून तिच्या नवऱ्याकडे, उन्मेषकडे बघायला लागला. "एका डॉक्टरांसाठी मुंबईहून मागवलेला. येईपर्यंत त्यांची बदली झाली. अख्ख्या रत्नागिरीत असला दुसरा नाय मिळायचा. पण तू नको घेऊस. रोजच्या वापराला साधा बरा."

"मला नाही, हिला हवाय."

"मग तर साधाच."

दोघेही हसले. एका बाकावर शिकलेले होते ते. नीरजाने पाटीच्या कडेचं पेन उपसून काढलं.

पुण्याची एक कचेरी शेतीच्या इंग्रजी पुस्तिका तिच्याकडून मराठीत करून घेत असे. आंब्यावरचे तुडतुडे, भुरीचा रोग, जुन्या बागांची छाटणी. गेल्या मोसमात पावस गावच्या एका बागायतदाराने, हे इतकं समजेल असं कोणी लिहिलंय, म्हणून कचेरीत मुद्दाम फोन करून विचारलं होतं. मनू झाल्यापासून कामाला दुपारचे दोन ते चार एवढेच उरले होते. डाव्या हातात पाळण्याची दोरी, उजव्या हातात पेन, मांडीवर वही. दोरी थांबली की मनू उठायची. अशा चार पुस्तिका झाल्या, आणि गेल्या महिन्यात पत्र आलं. दसऱ्यापासून हस्तलिखित घेतलं जाणार नाही, मजकूर टाइप करून ई-मेलने पाठवावा. जमत नसल्यास तसं कळवावं, म्हणजे काम दुसरीकडे सोपवता येईल.

'दुसरीकडे' हा शब्द तिला महिनाभर टोचत होता.

तिने पडद्यावर पेनाने 'मोहोर' लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

"ते चित्रच राहणार, वहिनी. लिहिलेलं वाचतो तो, पण इंग्रजीच. मराठीला असं एकेक अक्षर टोचायचं." महिपतने पडद्यावर अक्षरांची पट्टी आणून दिली.

नीरजा टोचत राहिली. 'छाटणी' पुरं होईपर्यंत मनूने खांद्यावर दोनदा कूस बदलली.

"जमेल," ती म्हणाली.

"अगं, एका पुस्तिकेला वर्ष लागेल अशाने." उन्मेषचा आवाज मऊ होता, वर्गात गणित परत समजावतानाचा. "पाळणा आणखी किती दिवस? सहा महिने. आणि मशीन वापरायचंय पाच वर्षं. तुझं काम काय, बसल्या बसल्या होणारं. सहा महिने नाही केलंस तर काय बिघडलं?"

नीरजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने पेन खाचेत इतक्या जोरात सारलं की महिपतने हात पुढे केला.

"रागावू नका वहिनी. आमच्या हिला घेऊन दिला होता कॉम्प्युटर. पत्ते खेळत बसायची."

"तिला त्यावर काय करायचंय, ते विचारलं होतंत?"

महिपतने फडकं घेऊन स्वच्छच असलेला पडदा पुसायला घेतला.

"साधा दाखवा," नीरजा म्हणाली. "तो का नको, ते तरी नीट सांगता येईल मला."

साध्याला दोन हात लागणार होते. तिने मनूला उन्मेषकडे दिलं. मनू किरकिरली. उन्मेष गडबडून तिला थोपटत दुकानाच्या दारापाशी जाऊन डुलायला लागला.

कॉलेजात असताना तिने मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. बोटं आधी चाचपडली, मग चालायला लागली. तुडतुडे मोहोर कसा शोषतात, फवारणी कधी घ्यावी, कधी टाळावी. पाठ असलेला मजकूर भराभर उतरत गेला. डावा हात कुठेच मागे राहिला नाही. एक परिच्छेद पुरा झाला तेव्हा तिने मान वर केली.

मनू उन्मेषच्या खांद्यावर गाढ झोपली होती. इस्त्रीच्या शर्टावर लाळेचा ओला डाग पसरत होता.

नीरजा बघत राहिली. उन्मेषची शाळा सकाळची. साडेबाराला घरी, जेवण, आणि मग दोन ते चार झोप. पाळण्याच्या कुरकुरीने जाग येते म्हणून तो दार लोटून घ्यायचा. दार नीट लागलंय ना, हे तीच उठून बघायची. आणि महिनाभर ती एका हाताने चालणारं यंत्र शोधत होती.

"हाच द्या," ती महिपतला म्हणाली.

"बघ, मी सांगत होतो ना?" उन्मेष दारातून हळू आवाजात म्हणाला. तो खरंच खूश झाला होता.

"सांगत होतास."

खोकं बांधून झालं तसा तो पुढे आला. "हिला घे. खोकं मी घेतो, जड असेल."

नीरजाने दोन्ही हातांनी खोकं उचलून छातीशी धरलं.

"नाही जड," ती म्हणाली. "आणि दोन ते चार मनू तुझ्याकडे."

"आज?"

"रोज."

उन्मेषने महिपतकडे पाहिलं. महिपत बिलबुकात कार्बन सरळ करत होता.

"अगं, पण मला..."

नीरजा तोवर पायऱ्या उतरून रिक्षापाशी पोचली होती, आणि हात मोकळे नसल्यामुळे मागच्या दोघांसाठी थांबायचंय, हे रिक्षावाल्याला मानेनेच खुणावत होती.